खिडकीतलं एकच वाक्य

कुलूपबाईंशी माझं पहिलं बोलणं झालं तेव्हा त्यांनी माझ्या बायकोचं अस्तित्वच नाकारलं.

बायकांच्या दवाखान्यात रेकॉर्डच्या खोलीला एक वीतभर खिडकी होती. खिडकीला जाळी, जाळीमागे चष्मा, चष्म्यामागे दोन डोळे, आणि त्या डोळ्यांत माझ्या सात पिढ्यांविरुद्धचा पुरावा. मी बायकोचं नाव सांगून रिपोर्ट मागितला.

"या नावाचं कोणी इथे आलंय की नाही, ते सांगता येणार नाही."

"अहो, परवा मीच घेऊन आलो होतो. तुम्ही मला पाणी दिलंत."

"पाणी मी सगळ्यांना देते. चोर आला तरी देईन."

"मी नवरा आहे तिचा."

"असं बरेच जण म्हणतात."

लग्नाला तेव्हा नऊ वर्षं झाली होती, पण त्यांचा स्वर ऐकून माझी मलाच शंका यायला लागली. घरी जाऊन आधी लग्नाचा फोटो काढला, त्यात मीच उभा आहे ना ते पाहिलं, मग बायकोची सही घेऊन परत गेलो. बाईंनी ती सही उजेडाकडे धरली, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा सहीकडे पाहिलं, आणि सहीवर विश्वास ठेवला.

पुढे मूल व्हावं म्हणून आमचे उपचार दोन वर्षं चालले. (हे लिहायला बायकोची लेखी परवानगी घेतली आहे. बाईंनी शिकवलेलं विसरलेलो नाही.) त्या दोन वर्षांत खिडकीसमोरच्या बाकावर बसून मी बाईंचा संशय जवळून पाहिला. फायली पाकिटात, पाकिटावर फक्त नंबर, आणि कुठला नंबर कोणाचा ते सांगणारी वही लोखंडी कपाटात. किल्ली गळ्यात, म्हणून मी त्यांना मनातल्या मनात कुलूपबाई म्हणायचो. पेढे घेऊन येणारा माणूस दिसला की त्या आधी कपाटाकडे बघत. विम्याच्या एजंटाने नुसतं "काय, बरं चाललंय ना?" विचारलं, तर "कोणाचं?" असा प्रतिप्रश्न. वाऱ्याने पानं उलटतात म्हणून पंखाही बंद. मी लेखक आहे असं कळल्यावर त्यांनी मला खिशातलं पेन खिडकीवर ठेवायला लावलं आणि जाताना परत दिलं.

या संशयाला कारण होतं. ते त्यांनी एकदाच सांगितलं, नाव आणि साल वगळून. कायद्याने पेशंटची गोष्ट पेशंटच्या परवानगीशिवाय नवऱ्यालाही सांगता येत नाही. कोर्टाचा हुकूम आला तर गोष्ट वेगळी. बाईंच्या आधीचे कारकून हा कायदा मनापासून पाळायचे. जी आलीच नव्हती तिच्याबद्दल मोकळेपणाने "नाही हो, आल्या नाहीत," आणि आली असेल तिच्याबद्दल "सांगता येणार नाही." चारच महिन्यांत सगळ्यांना यातली मेख कळली. एका मुलीच्या सासऱ्यालाही कळली. ती मुलगी उरलेल्या उपचारांना परत आलीच नाही.

म्हणून बाईंनी सगळ्यांसाठी एकच वाक्य ठेवलं. आलेलीसाठी तेच, न आलेलीसाठीही तेच.

एका मंगळवारी मी बाकावर असताना खिडकीशी एक बाई आल्या. चेहरा हुबेहूब कुलूपबाईंचा, फक्त केस जास्त पिकलेले.

"माझी मुलगी इथे येते का?" त्यांनी एकदम विचारलं. "तीन आठवडे झाले, तोंडात मिठाची गुळणी धरून बसलीये. धड जेवत नाही. तिच्या पर्समध्ये या दवाखान्याचा कागद सापडला."

"ताई, या नावाचं कोणी इथे आलंय की नाही, ते सांगता येणार नाही."

"म्हणजे आली होती."

"म्हणजे काहीच नाही."

"बरं, आपली आई आली होती का?"

आई जाऊन बारा वर्षं झाली होती.

"सांगता येणार नाही."

मला हसू आलं. दोघी बहिणींनी एकाच वेळी माझ्याकडे असं पाहिलं की ते घशातच अडकलं.

"लहानपणी मी तुझ्या वेण्या घातल्या," ताई म्हणाल्या. "शाळेत तुझी लबाडी मी पोटात घातली. आणि आज माझ्याच पोरीबद्दल मला विचारावं लागतंय."

"तिचं वय काय?"

"तुला माहीत नाही? तेवीस."

"मग तिलाच विचार. मला विचारू नकोस."

ताई रडायला लागल्या. बाईंनी खिडकीतून पाण्याचा ग्लास पुढे केला. ताईंनी तो घेतला नाही, आणि जाताना म्हणाल्या, "तिला काही झालं, तर तुझं तोंड बघणार नाही."

त्या गेल्यावर बाईंनी कपाटाचं कुलूप दोनदा ओढून पाहिलं. मग तिसऱ्यांदाही ओढलं.

भाची त्या वेळी आतच होती. रॅकच्या मागे, उलट्या बादलीवर, चपला हातात घेऊन. त्या खोलीत बाईंनी कधी डॉक्टरांनाही बसू दिलं नव्हतं. गर्भपात होऊन चार दिवस झाले होते आणि ती तपासणीला आली होती. हे मला बाईंनी सांगितलेलं नाही. पुढे भाचीनेच सांगितलं, आणि लिहायलाही तिनेच परवानगी दिली: "लिहा काका, फक्त नाव घालू नका."

ती असंही म्हणाली की नंतर एका घरगुती जेवणात तिने मावशीला बाजूला घेऊन हळूच "थँक यू" म्हटलं, तेव्हा मावशीने विचारलं, "कशाबद्दल?" ताक वाढतानाही ताकास तूर लागू दिली नाही.

दीड महिन्यानंतर एका रविवारी, धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालता घालता, भाचीने सगळं स्वतःच आईला सांगून टाकलं. आई रडली, तिला जवळ घेतलं, आणि मग विचारलं, "मावशीला माहीत होतं?"

"हो."

या गोष्टीला सहा वर्षं झाली. बाई निवृत्त झाल्या, किल्ली दुसरीच्या गळ्यात गेली. मायलेकी रोज फोनवर बोलतात. ताई बहिणीशी बोलत नाहीत.