न हलवलेली बाटली

प्रयोगशाळेत तिला माघारी ‘लवंगी’ म्हणत आणि ते तिला ठाऊक होतं. अंगाने एवढीशी, पण तडतडायला लागली की भल्याभल्यांनी कानावर हात ठेवावेत. चुकीचं मोजमाप दिसलं की तिच्या तळपायाची आग मस्तकात जायची, आणि मोठ्या सरांच्या हाताखाली अशी वेळ वरचेवर यायची.

द्रवांचा दाटपणा मोजणं हे तिचं काम. पुस्तकात त्याला विष्यंदिता म्हणतात, ती म्हणायची, “वाहायचा कंटाळा!” पेल्यात द्रव ओतायचा, त्यात यंत्राची दांडी फिरवायची, दांडीला जितका जोर लागेल तितका द्रव दाट. सरांनी ध्यास घेतला होता तो बसचं इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याचा. त्यात डोळ्यांना दिसणारसुद्धा नाहीत असे बारीक नॅनोकण मिसळायचे, म्हणजे ते पाणी उष्णता भराभर ओढून नेतं. यात खोटं काही नव्हतं. पण उष्णता न्यायची तर आधी ते पाणी नळ्यांतून वाहायला नको? कण घातले की दाटपणा वाढतोच. त्यात ते एकमेकांना चिकटून त्यांचे पुंजके झाले की विचारूच नका. पुंजक्यांच्या पोटात पाणी अडकून बसतं, आणि कण तेवढेच असूनही द्रवाची खळ होते.

म्हणून बाटली आधी कंपनयंत्रात ठेवायची, पुंजके मोडायचे आणि लगेच मोजायचं, अशी तिथली रीत होती. ती लवंगीनेच घालून दिली होती. मोजमाप नीट हवं तर कण सारखे पसरलेले हवेत, हे शाळेतलं पोरही सांगेल. फक्त बस डेपोत उभी असते तेव्हा तिला कुणी हलवत नाही आणि पुंजके पुन्हा जमतात, हे त्या शहाण्यांच्या खोलीत एकाच्याही डोक्यात आलं नाही. तिच्याही नाही.

आणि ते निस्तरावं लागलं ताईला.

तिची थोरली बहीण बस चालवायची. सरांचा द्रव चाचणीसाठी ज्या गाडीत भरला ती नेमकी ताईची. सलग सुट्ट्या संपल्यावर तिने गाडी काढली, आणि पहिल्याच चढावर उष्णतेचा काटा सरसर वर गेला. ताईने तिथल्या तिथे गाडी थांबवली, सगळ्या माणसांना उतरवलं, तेवढ्यात पुढून वाफेचा लोट. कुणाला साधं खरचटलंही नाही. पण डेपोच्या साहेबांनी सगळ्या चालकांसमोर, भर आवारात आवाज चढवला, “काट्याकडे लक्ष नको? बायकांना गाडी दिली की हे असं होतं!” आणि तिच्या हातातून किल्ली काढून घेऊन चौकशी लावली.

संध्याकाळी लवंगी ताईकडे गेली. ताई घासलेलीच भांडी पुन्हा घासत होती.

“काटा बघतच होते गं मी,” ताई म्हणाली. “चढला तशी थांबवली. आणखी काय करायचं होतं?”

“आधी गाडी कुठे होती?”

“कुठे असणार? सुट्टी होती ना. जागची हललीही नव्हती.”

लवंगी ताडकन उठली. दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेतल्या फळीवर केव्हापासून पडून असलेली बाटली तिने न हलवता, तशीच हळूच पेल्यात ओतली. दांडी अशी कण्हायला लागली की यंत्रच बंद करावं लागलं. तिने पहिली शिवी स्वतःला घातली, आणि मग ती सरांच्या खोलीत गेली.

“हे मोजमाप बाद,” सर चष्मा पुसत म्हणाले. “तुम्हीच केलेला नियम तुम्हीच मोडलात.”

“सर, माझ्या बहिणीची नोकरी जातेय!”

“ते डेपोचं बघणं. आपलं नाही.”

आपलं नाही! द्रव ह्यांचा, बढाई ह्यांची, आणि खापर मात्र जिने माणसं वाचवली तिच्या माथी. लवंगी दार आपटून बाहेर आली.

चौकशीच्या दिवशी ती यंत्र काखोटीला मारून डेपोच्या कचेरीत हजर झाली. टेबलापलीकडे साहेब आणि सर, अलीकडे ताई, दारात डेपोचा मिस्त्री. कुणी काही विचारायच्या आत तिने यंत्र मांडलं. आधी हलवून आणलेली बाटली ओतली. दांडी गरगर फिरली. मग न हलवलेली ओतली. साहेबांनी दांडीचं कण्हणं ऐकलं आणि खुर्ची पुढे ओढली.

“अहो, हलवली नाही तर चुकीचंच येणार,” सर म्हणाले.

“मग रोज सकाळी इथे या, सर, आणि एकेक बस उचलून हलवा!”

मिस्त्री फिस्सकन हसला. मग त्याने फडक्यात गुंडाळून आणलेली नळी टेबलावर ठेवली. ताईच्याच गाडीची होती ती, आतून राखाडी खळीने भरलेली. सर नळीकडे बघेनात.

साहेब खाकरले. “हा द्रव आजच काढून टाका रे,” ते मिस्त्रीला म्हणाले, आणि खणातली किल्ली त्यांनी ताईपुढे धरली. “या उद्यापासून कामावर. झालं गेलं गंगेला मिळालं.”

ताईने हात पुढे केला नाही.

“त्या दिवशी आवारात बोललात, साहेब,” ताई म्हणाली. “आता हेही तिथेच बोला.”

“आता कशाला वाढवता?”

“मी कुठे वाढवलं?”

लवंगी तोंड उघडणार होती. ताईने नुसत्या नजरेने तिला गप्प केलं. साहेबांनी सरांकडे पाहिलं, सर चष्मा पुसत होते. शेवटी साहेब उठले. आवारात पाळी बदलत होती, चालक घोळक्याने उभे होते. साहेब पायरीवर थांबले आणि जमिनीकडे बघत पुटपुटले, “ह्यांची... ह्यांची चूक नव्हती.”

ताई घोळक्याच्या पार मागे जाऊन उभी राहिली होती.

“इथपर्यंत ऐकू आलं नाही, साहेब,” ती म्हणाली. “त्या दिवशी आलं होतं.”