पक्क्या रंगाची पापणी

पार्लरमधले किस्से आणि पार्लरमधले केस, दोन्ही सारखेच. संध्याकाळी कितीही झाडून काढा, सकाळी खुर्चीखाली थोडे सापडणारच! लातुरात पार्लर चालवायचं म्हटल्यावर किस्से गोळा करायला वेगळं काही करावं लागत नाही. खुर्चीत पडून बाईनं डोळे मिटले की तोंड आपोआप उघडतं. आणि पापण्या लावायच्या म्हणजे चांगला दोन तास डोळे मिटून पडायचं. मग बघा काय काय बाहेर येतं ते!

माझा स्वभाव संशयी आहे, हे आधीच सांगून टाकते. शबाना माझ्याकडं पहिल्यापासून आहे, पापण्यांचं सगळं काम तिचं. ती म्हणते, "ताई, तुमी आरशावर बी विश्वास ठेवत न्हाईत."

न्हाईच ठेवत! ट्यूबलाइट बदलली की आरशाचं बोलणं बदलतं.

*

रंगीत पापण्यांचं खूळ लातुरात आलं तेव्हा पहिला माल नांदेडहून गफारभाईंनी आणला. गफारभाई म्हणजे आमचे सप्लायर. माणूस गोड. एवढा गोड की मला तिथंच शंका येते.

"रंग पक्का आहे का?" मी विचारलं.

"क्या बात करते भाभी! लाइफटाइम गॅरंटी!"

"पापणीचं लाइफटाइम किती?"

"तीन हफ्ते!"

आता बोला!

आमच्या आईनं मला एक विद्या शिकवली आहे. साडीच्या दुकानात पदराचं टोक ओल्या रुमालानं चोळून बघायचं. रुमाल रंगला की साडी खाली ठेवायची आणि उठायचं. दुकानदार कितीही चहा पाजू दे. मी तेच केलं. गफारभाईंनी पुढं केलेल्या डबीतली हिरवी पापणी चिमट्यानं उचलली, पांढरा रुमाल ओला करून घासली. काही नाही. कोमट खोबरेलात बुडवून घासली. तरी काही नाही! रुमाल जसाच्या तसा पांढरा.

"इतना शक अच्छा नहीं भाभी," गफारभाई छातीला हात लावून म्हणाले.

मी खूश! जांभळ्या, केशरी, तपकिरी, सगळ्या डब्या ठेवून घेतल्या. निळ्या तेवढ्या त्यांच्याकडं नव्हत्या. साडीच्या दुकानात मी एकेक साडी घासते आणि इथं एक हिरवी घासून मोकळी झाले. गफारभाईंनी नेमकी हिरवीच डबी पुढं का केली, हा संशय मला तेव्हा यायला पाहिजे होता. आयुष्यभर नको तिथं येतो, नेमका तिथं आला नाही.

*

गिऱ्हाइकं माझ्याहून संशयी! एक बाई खुर्चीत पडल्या, शबानानं चिमटा उचलला आणि त्या ताडकन उठून बसल्या.

"हे केस कुणाचे हायत?"

"प्लास्टिकचे आहेत, मावशी."

"बोकडाचे तर न्हाईत ना? माझा सोमवार हाय!"

मी दुकानातूनच गफारभाईंना फोन लावला, स्पीकरवर टाकला. म्हटलं, सांगा आता मावशींना. त्यांनी सगळी कूळकथा सांगितली. दात घासायच्या ब्रशचं जे प्लास्टिक, तेच हे. ते वितळवून बारीक धागा ओढतात, टोकं निमुळती करतात, सळईला गुंडाळून भट्टीत तापवतात. त्यानं बाक येतो. रंगाच्या तऱ्हा मात्र दोन. काही कारखाने प्लास्टिक वितळतानाच रंग घालतात. तो रंग मरेपर्यंत जात नाही, पण पापणी जरा ताठ होते आणि छटा मोजक्याच मिळतात. दुसरे पांढरा धागा आधी तयार करतात आणि मग रंगात बुडवतात. ती मऊसूत, रंग एकदम फर्स्टक्लास, पण वाफ न् तेल लागलं की उतरायची भीती.

"म्हंजे पुरणपोळी आन् जिलबी," मावशी म्हणाल्या. "पुरण आतून, पाक वरून."

"बिलकुल!" गफारभाई म्हणाले.

"मग माझ्या डोळ्याला काय लावून राहिलीस? पोळी का जिलबी?"

गफारभाईंचा फोन कट झाला. नांदेडकडं रेंजच नसते, असं ते नंतर म्हणाले.

मावशी मात्र आडव्या पडल्या. सोमवारी चालतं म्हणाल्या.

*

दुसरी भानगड ग्लूची. काळा ग्लू घट्ट धरतो, पण रंगीत पापणीच्या मुळाशी काळी रेघ दिसते. म्हणून रंगीतला पारदर्शक ग्लू लावावा लागतो, आणि तो घामाला, वाफेला लवकर सोडतो. दिसणं पाहिजे तर टिकणं कमी, टिकणं पाहिजे तर दिसणं कमी. हे मी प्रत्येकीला आधी सांगते. ऐकतं कोण?

एकीनं हौसेनं केशरी लावून घेतल्या. पुढच्याच आठवड्यात चेहरा पाडून आली. म्हटलं, झालं, आता ही भांडणार. शबानानं ग्लूत काटकसर केली की काय, असंही मनात येऊन गेलं.

"काय झालं?"

"ताई, सणाची खीर आटवून राहिले होते. वाफ लागली न् चार पापण्या खिरीत पडल्या. मला काय कळलं न्हाई."

"मग?"

"मामंजींच्या वाटीत गेल्या. त्यांनी चमच्यात घेऊन उजेडात धरल्या."

"मग काय म्हणाले?"

"सासूबाईला म्हनले, बघ, सून आल्यापासून घरात केशर आलं! आता दर सणाला पायजे म्हणून राहिलेत!"

शबाना हसून हसून खाली बसली.

*

हिरवी डबी कुणी उघडायला सांगत नव्हतं. लातुरात हिरव्या पापण्या कोण लावणार? तर एका दुपारी तोंडाला स्कार्फ बांधून एक बाई आली. चाळिशीची असेल, ठसठशीत. नाव विचारलं तर म्हणाली, "नावाचं काय करायचं?" गाव विचारलं तर म्हणाली, "उदगीर."

"हिरव्या पायजेत. टिकतेल ना?"

"ह्याच टिकतील. तेलानं जात नाहीत, पाण्यानं जात नाहीत."

"मग ह्याच लावा. एक जण म्हनले, हिरवा रंग तुला खुलून दिसतो."

मी कान टवकारले. एक जण म्हणले? माझ्या नवऱ्याला मी केस खांद्यापर्यंत कापले तरी चार दिवस कळत नाही. पापणीचा रंग बघणारा नवरा ह्या जिल्ह्यात जन्माला आला असेल, तर मला त्याचा सत्कार करायचाय!

जाताना दारातून वळून तिनं विचारलं, "चाकूरची गाडी किती वाजता हाय?"

ती गेल्यावर मी म्हटलं, "शबाना, उदगीरला जायला चाकूरची गाडी कशाला लागते गं?"

"ताई, लोकांच्या गाड्या मोजू नका," शबाना म्हणाली.

*

मग आलं पल्लवीचं लग्न. माझ्या मावसबहिणीची पोर, चाकूरच्या घरात दिली. सासरचे आडत दुकानवाले, घर मोठं, माणसं कडक. हा मेकअप माझ्यासाठी साधा नव्हता. बहिणीनं माझ्या शब्दावर हे स्थळ केलेलं. मुलगा, मंगेश, निर्व्यसनी आहे, डोळे झाकून पोर द्या, असं मीच सांगितलं होतं. काही वावगं झालं असतं तर बहीण मला दारात उभी करणार नव्हती.

पल्लवीला शालूला जुळणाऱ्या जांभळ्या पापण्या पाहिजे होत्या. हळद आटोपल्यावर लावल्या, हळदीच्या तेलाची भानगड नको म्हणून. तेवढ्यात सासरे डोकावले. अण्णा म्हणतात त्यांना सगळे. पांढराशुभ्र सदरा, टोपी, आवाज खणखणीत.

"हे काय लावून राहिले पोरीला? डोळे हायत का होळी?"

बायांनी पटापट डोक्यावर पदर ओढले.

"आमच्या घरात असला रंगीतपणा चालत न्हाई!" असं म्हणून अण्णा निघून गेले.

सासूबाई, कमलाकाकू, मागं उभ्या होत्या. त्या एवढंच म्हणाल्या, "लावू दे. एक दिवसाची हौस." पण जाताना प्रत्येकीच्या तोंडाकडं बारकाईनं बघून गेल्या. मला ती बाई तेव्हाच आवडली. माझ्यासारखीच होती ती!

*

लग्नाला थोडे दिवस झाले असतील. पल्लवी मांडवपरतणीला माहेरी आलेली. दुपारी दुकान रिकामं होतं, आणि कमलाकाकू एकट्या आल्या. पाणी दिलं, घेतलं नाही. शबानाकडं बघून म्हणाल्या, "हिच्यासमोर बोललं तर चालंल का?"

"बोला, काकू."

त्यांनी कनवटीची पुडी काढली. कागदात एक पापणी. निळी!

"मंगेशच्या शर्टावर घावली. सुनेच्या तर जांभळ्या हायत. लातुरात रंगीत पापण्या तूच लावतीस. ही कुणाची, तेवढं नाव सांग. मी पोराला उभा फाडते."

पोर द्या म्हणून सांगणारी मी! बहिणीचा चेहरा डोळ्यापुढं आला.

"काकू, निळ्या पापण्या माझ्याकडं नाहीतच हो."

"मग ही काय आभाळातून पडली?"

मी पापणी चिमट्यात धरली. मुळाशी आमच्याच ग्लूचा थेंब, शबाना लावते तसा. आमचंच काम. आणि निळी तर नाही.

"काकू, पल्लवीला तेल लावून न्हाऊ घातलं का?"

"मग? नवी नवरी हाय. मी स्वतः कढत तेल लावून रोज न्हाऊ घातलं. मागं बसून."

"तिच्या डोळ्याकडं बघितलं का तुम्ही?"

"पोरगी मान कुठं वर करती माझ्यासमोर!"

मला सगळं कळलं. आणि हेही कळलं की आता बोलले तर माझ्या दुकानाचं नाव गेलं. ह्या बाईनं चाकुरात सांगितलं की हिचा रंग जातो, तर पुढच्या लग्नसराईत माझ्याकडं कुत्रं फिरकणार नाही. पण पोरीचा संसार का माझं दुकान? मी जांभळी डबी उघडली. वाटीत खोबरेल गरम केलं, नवी पापणी बुडवली आणि पांढऱ्या रुमालावर घासली.

रुमालावर गुलाबी डाग. चिमट्यात निळी पापणी!

"तांबडा उतरला, निळा राहिला," मी म्हटलं. "माल माझा कच्चा निघाला, काकू. तुमचं पोरगं पक्कं आहे. कुणाला सांगायचं ते सांगा."

काकूंनी दोन्ही पापण्या शेजारी ठेवून बघितल्या. मग डोळ्याला पदर लावला. "देव पावला गं बाई! कुणाला सांगत न्हाई मी. तुझं दुकान बी राहू दे, माझं घर बी राहू दे."

शबानानं चहा सांगितला. काकूंनी आता पाणीही घेतलं. जरा हसल्यासुद्धा. मग हळूच कनवटीत हात घालून त्यांनी दुसरी पुडी काढली.

"तसं असंल तर मग हिला बी घाल तेलात. ही आमच्या अण्णांच्या सदऱ्यावर घावली. बघू, कुठल्या रंगाची निघती."

पुडीत हिरवी पापणी होती.

मी शबानाकडं बघितलं. शबाना पंख्याकडं बघत होती. तेल अजून गरम होतं. मी पापणी बुडवली, रुमालाची कोरी बाजू घेतली आणि घासली. परत बुडवली, परत घासली. रुमाल पांढराच.

काकू माझ्या हाताकडं बघत होत्या.

"अजून घास," त्या म्हणाल्या.