प्रेमिलाची सही

माझी भावजय प्रेमिला सव्वीस वर्षांची आहे आणि तिच्या सासरच्या माणसांना अक्कल नाही. ती माणसं म्हणजे आम्हीच, म्हणून हक्कानं सांगते.

माझा भाऊ हिमांशु सडक अर्जुनीला हायवेवर ट्रकचे टायर बसवतो. दुकानामागच्या पत्र्याच्या एका खोलीत तो, प्रेमिला आणि चार वर्षांची टीना, असा संसार. यंदा घर घ्यायचं ठरलं. आवाक्यात दोनच होती. एक लेआउटमधलं, नवंकोरं, स्लॅबचं. दुसरं जुन्या वस्तीतलं, उंचावर, दोन खोल्यांचं, कवेलूचं म्हणजे कौलारू, संडास अंगणाच्या टोकाला.

लेआउटच्या घरात बाबा शिरले ते चकचकीत फरशीवरच भाळले. हिमांशु नळ सुरू-बंद करत बसला. मी ओट्यावरून हात फिरवत होते. प्रेमिला बाहेरच रेंगाळली, घराभोवती फेरी मारून आली आणि सासऱ्यांना, म्हणजे बाबांना म्हणाली, "मामाजी, हे घर बोडीत हाय."

बोडी म्हणजे धानाला पाणी देणारं लहान तळं. आम्ही जातीनं कोहळी. आमच्या वाडवडिलांनी तलाव बांधले, हे आम्ही सोयरिकीत मिशीला पीळ देऊन सांगतो. प्रेमिलाचे वडील उदाराम तर अजूनही नवेगाव बांधकडे गावच्या तलावाची राखण करतात. पाणी कुठून येतं आणि कुठून जातं, हे पोर त्यांच्यामागे पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर फिरून शिकली. तिनं बाबांना सगळं दाखवलं. रस्त्यासाठी फोडलेली पाळ, कडेला माजलेलं बेशरम, म्हणजे पाणथळीत वाढणारं झुडूप, आणि घराच्या अगदी मागे जुनी सलंग, म्हणजे तळं भरलं की जास्तीचं पाणी बाहेर पडायची दगडी वाट. तळंच वरून नुसता मुरूम ओतून सपाट केलेलं.

बाबा म्हणाले, "बाईमाणसाले जमिनीतलं का समजते?"

महिनाभर ती सांगत राहिली. जेवताना सांगितलं, भांडी घासताना सांगितलं. हिमांशु मोबाईलमधून मान वर न काढता हूं म्हणायचा. आणि मी? मी तिला म्हटलं, "जाऊ दे ना वं, फरशी तं चांगली हाय." आज आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटते.

बाईच्या नावानं घर घेतलं की मुद्रांक शुल्कात सवलत मिळते. तेवढ्यापुरती प्रेमिला सगळ्यांना आठवली. नोंदणी कार्यालयात बाबूनं कागद पुढे केला, तिनं पेन खाली ठेवलं.

"मी सही करत नाई."

बाबांचा पारा चढला. "काऊन? इतक्या लोकांत तमाशा कायले करून राहिली?"

लेआउटवाला हसला. "भाभीजी, टेन्शन मत लो."

हिमांशु तिच्याकडे वळला. "पण झालं काय? त्या घरात तुले वाईट काय दिसलं?"

महिनाभरानं विचारतोय! प्रेमिला अशी कडाडली की बाहेरच्या बाकावरची माणसं दारात येऊन उभी राहिली. "महिनाभर सांगून राहिली ना मी! भिंतीले सांगतलं असतं तं तिलेबी पाझर फुटला असता! टीना झोपंन तिथं बोडीचं पाणी घुसंन, तवा फरशी चाटत बसा!"

बाबूनं चष्मा वर केला. "कोणता लेआउट? पाळीजवळचा? ताई बरोबर बोलून राहिल्या. माझं आजोळ तिकडचंच. लहानपणी आम्ही तिथं मासोळ्या धरत होतो."

बाबा क्षणात मऊ झाले. "असं का साहेब? बरं झालं बापा, तुमी सांगतलं."

तीच बोडी, तीच पाळ, तेच बोलणं. फक्त या वेळी बोलणारा पुरुष होता आणि खुर्चीत बसला होता. लेआउटवाल्यानं कागद गोळा केले. मला बाबांचा संताप आला, भावाचा आला, माझाही आला. प्रेमिलाच्या तोंडावर जिंकल्याचा काही आनंद नव्हता.

परतताना ऑटोत बाबा खुशीत होते. "कवेलूचंच घर घेऊ, सुनेच्याच नावानं. तो बाबू देवासारखा भेटला, नाई तं डुबलोच होतो."

हिमांशु म्हणाला, "हो ना. मोठा भला माणूस."

प्रेमिलानं टीनाला मांडीवर ओढून घेतलं आणि ऑटोवाल्यालाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "मंग त्या बाबूच्याच नावानं घ्या. अन् राहालेबी त्यालेच न्या."