बाबांच्या यंत्रात मी मागे सरकले

मंडळी, आज माझी चोरी पकडली गेली.

बाबा नौदलातून रिटायर झालेले. समुद्रात दुसरं जहाज किती दूर आहे ते मोजायचं एक जुनं पितळी यंत्र त्यांच्याकडे आहे. जहाजाची उंची लावून त्यातून पाहिलं की अंतर कळतं. रायपुरात जहाज कुठून आणणार? म्हणून रोज संध्याकाळी ते तेलीबांधा तळ्यासमोरच्या आमच्या बाल्कनीतून, ऑफिसातून चालत येणाऱ्या मलाच मोजतात. माझी पाच फूट उंची त्यात लागत नाही, म्हणून पन्नास लावतात आणि आलेलं अंतर दहानं भागतात.

आज नवा रायपूरहून ऑफिसची बस वेळेवर आली. पण स्वयंपाक, बाबांची औषधं, सगळं आठवलं आणि मी तळ्याकाठच्या बाकावर बसून राहिले. घरी येऊन सांगितलं, बस लेट होती.

बाबा म्हणाले, "तू जवळ येऊन राहिली होती, अन् एकदम मागं सरकली. मले वाटलं यंत्र बिघडलं. मग समजलं, पोट्टी बसली. उंची कमी झाली का अंतर जास्त दिसते."

मी स्वयंपाकघराकडे वळले, तर मागून बाबा म्हणाले,

"उद्या बी बस तिथं. मी तुयी बसल्याची उंची लावून ठेवतो."

घरी जायच्या आधी तुम्ही कुठे बसता?