बाप जिवंत असताना

सत्तरच्या दशकात कोरेगावच्या एका सलूनमध्ये मी एका नटाला पाहिलं. गावोगावच्या नाटकांत सरदार करून करून तो खुर्चीतही सिंहासनावर बसल्यासारखा बसला होता. सिनेमात पहिल्यांदाच काम मिळालं होतं, तेही पुजाऱ्याचं. उद्या सकाळी सांगलीला शूटिंग होतं आणि मिशी चालणार नव्हती.

न्हाव्यानं वस्तरा खाली ठेवला. "आवं, वडील जित्ते हायती न्हवं? बाप गेल्याबिगर मिशी काढत्यात व्हय? गाव दुखवट्याला येईल."

सरदारांचा आवाज पार उतरला. "मग हे काम गेलंच म्हणायचं."

तेवढ्यात बाकावरचे त्याचे वडील, फौजेतून निवृत्त झालेले, उठून उभे राहिले. "काढ रं. गावाला काय सांगायचं ते मी सांगतो."

पुढे त्या नटाचं मोठं नाव झालं. उघड्या जीपमधून मिरवणूकही निघाली. मला मात्र त्या दिवशीचीच आठवते. भर बाजारातून सफाचट पोरगा मान खाली घालून चालला होता आणि पुढे छाती काढून चाललेला बाप भेटेल त्याला अडवून सांगत होता, "रामराम! मी जित्ता हाय. पोरगं सिनेमात चाललंय."