तीस दिवस आणि माझं बी.एड.

६ जानेवारी २००२. सुपरमार्केटच्या फलकावर लावायची चिठ्ठी लिहीत बसले होते: सोफा, फ्रिज, मायक्रोवेव्ह. दुबई सोडणारी कुटुंबं हेच करतात. नवऱ्याला कंपनीनं चौदा वर्षांनंतर चार ओळींचं पत्र देऊन काढलं होतं. घरातल्या सगळ्यांचे व्हिसा त्याच्या नावावर, म्हणून तिघांनाही तीस दिवसांत निघायचं होतं. मुलीची बारावीची परीक्षा मार्चमध्ये.

नोकरी मलाही होती. अल क्वोजमधल्या एका गोदामाची सगळी खरेदी मी बघत होते. माझ्या पगारात घर चाललं असतं. म्हणून दुपारीच टायपिंग सेंटरमध्ये, सरकारी अर्ज अरबीत टाइप करून देणाऱ्या दुकानात, जाऊन आले होते. म्हटलं, माझा व्हिसा ऑफिस काढेल, नवऱ्याचा आणि मुलीचा माझ्या नावावर करा.

"मॅडम, आपका प्रोफेशन?"

"पर्चेस ऑफिसर."

"खलास. लेडीज टीचर, डॉक्टर हो तो होता है."

"मेरा पगार तो देखो."

"पगार बहुत अच्छा है. आप आदमी होते तो अभी टाइप कर देता," असं म्हणून टायपिस्ट हसला.

चिठ्ठी पुरी होण्याआधीच खालच्या मजल्यावरच्या बाई हजर. मायक्रोवेव्हमध्ये डोकं घालून म्हणाल्या, "केवढ्याला?"

"दोनशे दिरहम."

"म्हणजे अडीच हजार रुपये! वहिनी, जाणाऱ्यानं एवढं ताणू नये हो. आणि हे टेबल?"

टेबलावर मुलगी केमिस्ट्री करत होती. मान वर न करता म्हणाली, "आंटी, आय ॲम स्टिल युजिंग इट." बाई गेल्यावर मला विचारलं, "आई, ॲम आय रायटिंग माय बोर्ड्स ऑर नॉट?"

मला शिसारी आली. त्या बाईची, त्या चार ओळींची, आणि सगळ्यात जास्त त्या नियमाची. पुण्यात बी.एड. करून मी दोन वर्षं शिकवलं होतं. इथं शाळा ऑफिसच्या निम्मा पगार देतात, म्हणून पुन्हा त्या वाटेला गेले नाही. आता त्याच निम्म्या पगारावर मी सरकारच्या लेखी कुटुंब सांभाळायला लायक ठरणार होते. नवरा म्हणाला, "एवढी चांगली नोकरी सोडणार तू?" मी चिठ्ठी फाडली आणि कपाटातून बी.एड.चं शिक्के मारलेलं सर्टिफिकेट काढलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसला आजारी असल्याचं कळवलं, साडी नेसले, आणि मुलीच्याच शाळेत शिक्षिकेच्या नोकरीसाठी चौथीच्या वर्गापुढे उभी राहून भागाकार शिकवून दाखवला.