काचताईचं विमान

चष्म्याच्या दुकानात काचा बसवते म्हणून तिला सगळा बाजार काचताई म्हणे. फ्रेम कितीही नाजूक असो, तिने बसवलेल्या काचेवर कधी बोटाचा ठसा दिसला नाही. कुणी कौतुक केलंच तर म्हणायची, "ठसा चोराचा सापडावा, कारागिराचा नाही."

मग एका सकाळी ती उठली, पण तिचा डावा हात उठलाच नाही. अर्धांगाच्या त्या झटक्यातून पाय हळूहळू वठणीवर आला, जीभ तर त्याच्याही आधी धावायला लागली. हात मात्र रुसून बसला. बोटं मिटायची, पण एकदा मिटली की उघडायला त्यांची मनधरणी करावी लागे. धाकट्या बहिणीने तिला तिच्या एकटीच्या खोलीतून आपल्या घरी आणलं आणि तळहाताच्या फोडासारखं जपलं. वेणी धाकटी घाली, ब्रेडला लोणी धाकटी लावी, स्वेटरची बटणं धाकटी लावी. काचताईने कपाकडे हात नेला की कपच उचलून तिच्या ओठांशी येई.

प्रेमच होतं ते. त्याला नावं ठेवायला जागा नव्हती, आणि काचताईचा जीव गुदमरत होता तो त्यामुळेच.

"मी माझ्या खोलीवर परत जाते," एकदा चहा घेताना ती म्हणाली.

"आधी स्वतःची बटणं स्वतः लाव. मग खुशाल जा," धाकटी म्हणाली आणि बोलता बोलता तिची कॉलर सरळ केली.

काचताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. समोरच्या कपाटावर मेहुण्यांचा एक खोका पडून होता. मेहुणे म्हणजे आरंभशूर. गिटार झाली, माशांची पेटी झाली, आता हे रिमोटवर उडणारं फोमचं विमान, एकावर एक दोन पंखांचं, सुटे भाग जोडून घरी बांधायचं. अजून खोक्यावरचं प्लास्टिकही निघालं नव्हतं.

"बटणांचं काय घेऊन बसलीस? ते विमान बांधून उडवून दाखवते. उडालं की मी माझ्या घरी."

"आणि नाही उडालं तर?"

"तर चकार शब्द काढणार नाही. चमच्याने भरव मला."

"ताई, विमान जमेल हो. चकार शब्द न काढणं जमेल का बघा," मेहुणे म्हणाले. दोघी बहिणींनी एकदमच त्यांच्याकडे असं पाहिलं, की ते निमूटपणे बिस्किटाकडे वळले.

"आणि कुणीही हात लावायचा नाही," काचताईने बजावलं.

खिडकीपाशी टेबल मांडलं गेलं. फोमचे तुकडे इतके हलके, की नुसत्या श्वासाने सरकायचे. डाव्या हाताला तिने नवी नोकरी दिली, तुकड्यावर वजन म्हणून बसून राहायची. उजव्याने गोंद लावायचा. गोंद जास्त यायचा, ओघळायचा, सांध्यासांध्यावर त्याची टेंगळं उठायची. पूर्वीच्या काचताईने असलं काम गिऱ्हाइकाच्या दृष्टीसही पडू दिलं नसतं. आताची काचताई टेंगळांकडे बघे, ओठ घट्ट मिटे आणि पुढचा तुकडा उचले. विमानाचं धड उभं राहिलं. शेपटी हलवणारी चिमुकली यंत्रं पोटात बसली. खालचा पंख लागला, त्यावर छोटे खांब उभे राहिले आणि खांबांवर वरचा पंख.

वरचा पंख किंचित डावीकडे कलला होता. गोंद ओला होता तोवरच हाताचा व्यायाम करून घेणाऱ्या बाईंकडे जायची वेळ झाली. परत येऊन बघते तर पंख अगदी सरळ, आणि खांबांच्या बुडाशी गोंदाची केसाएवढी बारीक रेघ.

काचताईने त्या रेघेवरून बोट फिरवलं. इतकं स्वच्छ काम! तिच्या आताच्या हातचं ते असूच शकत नव्हतं.

"कुणी हात लावला?"

"माझ्याकडे बघू नका ताई," मेहुणे घाईघाईने म्हणाले, "मी कधी कुठलं काम पुरं केलंय का?"

धाकटी नळाखाली ताटली धरून उभी होती. ताटली केव्हाच स्वच्छ झाली होती. "तिरकं होतं गं. पडलं असतं. मला बघवेना."

"पडलं असतं तर मी तुझ्याकडेच राहिले असते. तेच हवंय ना तुला?"

"हवंय."

"मग?"

"हरलेलं तुझं तोंड रोज बघायचं मला? ते नकोय."

काचताईने पातं घेतलं आणि ती सुरेख, सरळ बसलेली जोडणी कापून काढली. धाकटीने डोळे मिटून घेतले. काचताईने नवा गोंद लावला, पंख ठेवला आणि या वेळी डाव्या हाताच्या बोटांनी तो धरला. गोंद वाळला तरी बोटं सोडायला तयार नव्हती. अखेर सुटली तेव्हा मऊ फोममध्ये तिच्या अंगठ्याचा खोल ठसा उमटला होता. पंख पुन्हा डावीकडे कललेला.

"राहू दे," ती म्हणाली.

वारा नसलेल्या एका सकाळी तिघं गावाबाहेरच्या मोकळ्या मैदानावर गेली. विमान हवेत सोडायचं काम मेहुण्यांकडे होतं. सुरुवात करण्यात त्यांचा हात कोण धरणार? रिमोटची डावी दांडी मोटरचा वेग सांभाळणारी. काचताईच्या अंगठ्याने ती पुढे ढकलली. थरथरत, पण ढकलली. विमान खाली गेलं, गवताला शिवलं आणि वर चढलं.

ते डावीकडे ओढत होतं. ती उजव्या अंगठ्याने त्याला रेटून सरळ करत होती. एक फेरी झाली. आता उतरवायचं, तर डावा अंगठा मागे येईना. म्हणून विमानाने आणखी एक फेरी मारली. मेहुणे टाळ्या पिटत होते. शेवटी अंगठा हलला, मोटर थांबली आणि विमान नाकावर गवतात रुतलं. खालच्या पंखाला तडा गेला.

"पडलं," धाकटी हळूच म्हणाली.

"उतरलं," काचताई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ती दारात उभी होती, बगलेत चिकटपट्टी लावलेलं विमान. स्वेटरची बटणं लावलेली, पण प्रत्येक बटण एक घर चुकून. धाकटीचा हात तिच्या गळ्याकडे निघाला, वाटेतच थबकला आणि परत फिरून पदराला पुसला गेला.

"बघत काय राहिलीस?" काचताई म्हणाली. "बॅग उचल. ती काही मला एका हाताने झेपत नाही."